दाढेचा खळगा कोरडा पडतो तेव्हा

दोन आठवड्यांपूर्वी या सदरात दाढ काढून घेण्याआधी काय तयारी करावी, याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र तासगाव तालुक्यातील एका भगिनीचे आहे. त्या लिहितात, 'दाढ काढताना काहीच दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकही केला. पण तिसऱ्या दिवशी रात्री असा ठणका सुरू झाला, की कान, कानशील आणि डोके सगळे एक झाले. दाढ किडली होती तेव्हासुद्धा इतके दुखले नव्हते. डॉक्टरांनी खळग्यात औषधाची पट्टी भरली आणि तासाभरात मला झोप लागली. आता ही पट्टी किती दिवस ठेवायची? काढताना माझे हाड तर दुखावले नसेल?'

मी सोमवार ते शुक्रवार साताऱ्यात आणि शनिवार-रविवार सांगलीत रुग्ण पाहतो. दोन्हीकडे महिन्यातून दोन-तीन वेळा तरी हा प्रश्न ऐकू येतो. बहुतेक वेळा रुग्ण घाबरलेला असतो आणि बरोबरचा नातेवाईक रागावलेला असतो. 'दाढ नीट काढली नाही' हा त्याचा पक्का ग्रह झालेला असतो. म्हणून या दुखण्याबद्दल आणि विशेषतः त्याच्या उपचारानंतरच्या दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहीत आहे.

या विकाराला दंतवैद्यकात 'ड्राय सॉकेट' म्हणतात. सॉकेट म्हणजे जबड्याच्या हाडातील दाताचा खळगा. क्रॉफर्ड या दंतवैद्यांनी १८९६ मध्ये प्रथम त्याचे वर्णन केले, तेव्हापासून हेच नाव रूढ आहे. दात काढल्यावर खळगा रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून गुठळी तयार होते. या गुठळीला कोणी किंमत देत नाही. अनेकजण आरशात पाहून ती 'घाण' समजून काडीने उकरून काढतात. वास्तविक तीच त्या जखमेची नैसर्गिक मलमपट्टी असते. तिच्याखाली हाड आणि हाडातील नसांची टोके झाकलेली राहतात आणि तिच्यातूनच पुढे नवे मांस व नवे हाड तयार होते.

सांगलीकरांना हे समजावताना मी हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे उदाहरण देतो. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती पेवाचे तोंड नीट बंद असे म्हणून. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरले आणि कितीतरी पेवे निकामी झाली. दाढेच्या खळग्याचेही असेच आहे. गुठळीचे झाकण वेळेआधी गेले, की लाळ, अन्नाचे कण आणि हवा थेट उघड्या हाडाला लागतात. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान ठणका सुरू होतो. तो कानाकडे आणि कानशिलाकडे जातो, तोंडाला घाण वास येतो, चव बिघडते आणि साध्या गोळीने आराम पडत नाही. डोकावून पाहिले तर खळगा रिकामा दिसतो. कधी तळाशी करडे-पांढरे हाड दिसते. पू नसतो, सहसा तापही नसतो.

साध्या रीतीने काढलेल्या दातांत शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेत मात्र प्रमाण बरेच वाढते. काही पाहण्यांत ते शंभरात तीसपर्यंत आढळले आहे. तेव्हा हाड दुखावण्याचा प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना माझे उत्तर असे, की दाढ अवघड असेल, हाड घासून काढावी लागली असेल, तर धोका वाढतो हे खरे. पण उत्तम हातांनी काढलेल्या दाढेलाही हे होते. डेन्मार्कच्या बिर्न यांनी १९७३ मध्ये मांडले, की दुखावलेल्या हाडातून आणि जंतूंमुळे असे पदार्थ तयार होतात, जे रक्ताची गुठळी आतूनच विरघळवतात. म्हणजे प्रत्येक वेळी रुग्णाने जोरात चूळ भरली म्हणूनच गुठळी निघाली, असेही नाही. डॉक्टरांनी रुग्णाला आणि रुग्णाने डॉक्टरांना दोष देण्यात जो वेळ जातो, तो पट्टी भरण्यात जावा एवढेच मी म्हणेन.

हे मी स्वानुभवाने सांगतो. माझी स्वतःची खालची अक्कलदाढ सांगलीत एका वर्गमित्राने काढली. हात त्याचा हलका, दाढ सरळ, दहा मिनिटांत काम झाले. तिसऱ्या दिवशी एस.टी.ने साताऱ्याला निघालो आणि पेठ नाका सोडल्यावर कळा सुरू झाल्या. कराड येईपर्यंत मी खिडकीच्या गजाला डोके टेकवून बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी प्रेमाने तंबाखूची डबी पुढे केली आणि म्हणाले, 'चिमूटभर दाबून धरा, बधिर होईल.' साताऱ्यात उतरल्यावर घरी न जाता दवाखान्यात गेलो. तिथल्या माझ्या तरुण सहकारी डॉक्टरांनी खळगा धुऊन पट्टी भरली. पाऊण तासात मी माणसांत आलो आणि त्या रात्री, वीस वर्षे लोकांना शहाणपण शिकवणारा मी, त्याच बाजूने भाकरी चावून जेवलो! दुसऱ्या दिवशी निम्मी पट्टी बाहेर आली होती.

पट्टी म्हणजे नेमके काय?

उपचार तसा साधा आहे. मिठाच्या कोमट निर्जंतुक पाण्याने खळगा हळुवार धुतात, अडकलेले अन्न काढतात आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा घटक असलेले औषध गॉजच्या बारीक पट्टीवर किंवा तयार लगद्याच्या रूपात खळग्यात ठेवतात. युजेनॉल नसांना शांत करते आणि पट्टी उघड्या हाडावर पांघरूण घालते. खळगा खरवडून मुद्दाम रक्त काढण्याची पद्धत पूर्वी काही ठिकाणी होती. ती आता करत नाहीत, कारण त्याने उघडे हाड आणखी दुखावते.

इथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. युजेनॉल लवंगेतले आहे म्हणून घरी लवंगतेलाची बाटली खळग्यात ओतू नये. नुसत्या तेलाने हिरडी भाजते. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यानेही पांढरा भाजलेला चट्टा पडतो. असे दोन-तीन चट्टे तरी मी दरवर्षी पाहतो. दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची. हा मुख्यतः उघड्या हाडाचा दाह आहे, पू धरलेला संसर्ग नव्हे. म्हणून ताप किंवा सूज नसेल तर बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिकची गरज पडत नाही. तरी मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स घेऊन, तो संपल्यावर ठणकत येणारे रुग्ण थोडे नाहीत. ते पाच दिवस पट्टीविना फुकट गेलेले असतात.

वेदनाशामक गोळ्या मात्र लागतात. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल या साध्या औषधांचा चांगला उपयोग होतो. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भारपण असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ठणका गेला, जखम तशीच

या दुखण्यातली खरी गोम पुढेच आहे. पट्टी भरल्यावर वेदना इतक्या झटकन कमी होतात, की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. वास्तविक त्या दिवशी खळगा तसाच रिकामा असतो, फक्त झाकलेला. जखम भरणे आता कुठे सुरू होणार असते.

माण तालुक्यातील एक मावशी आषाढात माझ्याकडे आल्या. खालची दाढ काढून चार दिवस झालेले, दोन रात्री झोप नाही. पट्टी भरली, बरे वाटले. परवा या, असे सांगून मी पाठवले. परवा काही त्या आल्या नाहीत. ठणका थांबला म्हणून माउलींच्या पालखीबरोबर त्या लोणंदहून पंढरपूरला चालत गेल्या होत्या. विठ्ठलाचे दर्शन घेऊन, गावी दोन दिवस विसावून आल्या, तेव्हा जवळजवळ तीन आठवडे झाले होते. दुखत नव्हते, पण तोंडाला येणाऱ्या वासामुळे नात जवळ येईना म्हणून आल्या. गॉजची पट्टी आतच होती, काळपट झालेली, आणि तिच्याभोवती हिरडी लालबुंद सुजली होती. गॉजची पट्टी विरघळत नाही. ती शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू असते आणि ती आत आहे तोवर मांस तिच्या जागी वाढू शकत नाही. पट्टी काढली, खळगा धुतला, आणि जी जखम त्या काळात निम्म्याहून अधिक भरली असती, ती तिथून पुढे भरायला लागली. मावशींचा यात दोष कमी. 'परवा या' म्हणताना 'आत कापड आहे आणि ते काढावे लागते' हे मी सांगायला हवे होते. आता मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देतो.

तेव्हा पट्टी किती दिवस, या प्रश्नाचे उत्तर असे. पहिली पट्टी सहसा दुसऱ्या दिवशी बदलतात, नंतर एक-दोन दिवसांआड. दोन-तीन पट्ट्यांत बहुतेकांचे काम होते, काहींना जास्त लागतात. पट्टी काढल्यावर वेदना परत आली नाही, म्हणजे हाडावर कोवळे मांस चढू लागले असे समजून पट्ट्या थांबवतात. एकूण त्रास आठवडा ते दोन आठवड्यांत संपतो. पट्टी आपोआप पडली आणि दुखत नसेल तर घाबरू नये, पण जाऊन दाखवावे. काही लगदे आपोआप निघून जाणारे असतात. आपल्या खळग्यात कोणते औषध आहे, हे विचारून घेण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

पट्ट्या थांबल्यावरही खळगा मोकळा दिसतो आणि त्यात अन्न अडकते. अर्धा चमचा मीठ एक पेला कोमट पाण्यात घालून, जेवणानंतर ते पाणी तोंडात फक्त धरावे, मान त्या बाजूला कलवावी आणि पाणी आपोआप गळू द्यावे. खळखळून चूळ भरू नये. खालच्या दाढेचा खळगा खोल असेल तर आम्ही सुई नसलेली वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची पिचकारी देतो. तिने हळू पाणी सोडून खळगा धुवायचा. हे काम तो भरेपर्यंत करावे. काडी, सेफ्टी पिन, बोट काहीही आत घालू नये. खळग्यात पांढरट-पिवळसर साय दिसली तर तो पू समजून पुसू नये. ती भरत्या जखमेवरची नैसर्गिक साय असते. बाकीचे दात मऊ ब्रशने रोज घासावेत. 'डॉक्टर, जखम आहे म्हणून आठ दिवस दातच घासले नाहीत' हे ऐकले की मला काय बोलावे ते सुचत नाही.

आहाराबद्दल साताऱ्यात पहिला प्रश्न कंदी पेढ्याचा असतो आणि सांगलीत भडंगाचा. पेढा मऊ आहे, तेवढ्यापुरता चालेल, पण खाऊन तोंड धुवा. भडंग मात्र महिनाभर विसरा. कुरमुरा आणि शेंगदाण्याचे टरफल त्या खळग्यात अगदी मापाने बसतात! मऊ खिचडी, दहीभात, पेज, शिरा, दुधात कुस्करलेली भाकरी, वरण हे दुसऱ्या बाजूने खावे. फार गरम आणि फार तिखट टाळावे. मधुमेह असलेल्यांनी जेवण घटले तरी औषध कसे घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. साखर वाढलेली असेल तर जखम रेंगाळते.

हिरडी वरून मिटायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. खळग्यात हाड भरायला काही महिने जातात, पण त्याचा त्रास काही नसतो.

तंबाखू आणि न भरणारा खळगा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तंबाखूविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण चुना-तंबाखूचा बार, विडी आणि घरोघरची मिसरी आहेच. धुरामुळे आणि निकोटिनमुळे जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत खळगा कोरडा पडण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे. मिसरीची गोष्ट वेगळी. ज्या बायका 'मी तंबाखू खात नाही' म्हणतात त्याच दिवसातून चार वेळा मिसरी लावतात, कारण मिसरी त्यांच्या हिशेबी दात घासण्याची वस्तू असते. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तिचे बोट नेमके त्या जखमेवरून फिरते. पट्टी असेपर्यंत आणि त्यानंतर निदान दोन आठवडे हे सर्व बंद ठेवावे. कायमचे बंद झाले तर फारच उत्तम.

याच संदर्भात एक अनुभव लिहितो. तो लिहिताना मला बरे वाटत नाही. सांगलीत मार्केट यार्डात हमाली करणारे, पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. खालची दाढ हलू लागली म्हणून दुसरीकडे काढून घेतली होती. खळगा भरत नव्हता, ठणकत होता. तंबाखूची सवय तीस वर्षांची. मी ड्राय सॉकेट समजून पट्टी भरली. थोडा आराम पडला. पुन्हा भरली. असे चार शनिवार गेले. पाचव्या वेळी त्यांनी सहज सांगितले, की खालचा ओठ त्या बाजूला बधिर वाटतो. मी दिवा जवळ घेऊन नीट पाहिले, तर खळग्याच्या कडेला मांस टणक आणि उंचावलेले होते. तुकडा तपासणीला पाठवला. कर्करोग निघाला. दाढ त्यामुळेच हलू लागली होती. पहिल्या दिवशी मी 'शेजारचे सगळे दात घट्ट असताना हीच दाढ का हलली?' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर त्यांचा महिना वाचला असता. शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा भाग काढावा लागला. त्याला आता तीन वर्षे झाली. ते तपासणीला येतात, मऊ अन्न खातात, तंबाखू सुटली आहे. तो महिना गेल्याने काय फरक पडला, असे त्यांनी मला कधी विचारले नाही.

म्हणून पक्के ध्यानात ठेवावे, की ड्राय सॉकेट हे दोन आठवड्यांत उतरणारे दुखणे आहे. तीन-चार आठवड्यांनंतरही खळगा भरत नसेल, कडेला गाठ, टणकपणा किंवा चट्टा असेल, ओठ बधिर असेल, मानेत गाठ लागत असेल, तर पुढची पट्टी भरून घेऊ नका. तपासणीचा आग्रह धरा. हाडे ठिसूळ होण्यावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असणाऱ्या वयस्कर भगिनींनी आणि जबड्याला पूर्वी किरणोपचार झालेल्यांनी ते आधीच सांगावे. त्यांच्यात हाड उघडे राहण्याचे कारण वेगळे असते आणि उपचारही वेगळा. ताप, वाढती सूज, तोंड न उघडणे किंवा गिळायला-श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही झाले तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली व मिरजेची शासकीय रुग्णालये यांपैकी जवळचे गाठावे. कराड व सांगली येथे दंत महाविद्यालयेही आहेत.

तासगावच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी आणखी विचारले आहे, की दुसऱ्या बाजूची अक्कलदाढही काढायची आहे, पुन्हा असेच होईल का? एकदा झालेल्यांना पुन्हा होण्याची शक्यता थोडी जास्त असते, पण होईलच असे नाही. आधीचा अनुभव डॉक्टरांना सांगा. दाढ काढण्यापूर्वी आणि नंतर काही दिवस क्लोरहेक्सिडिन हे औषध वापरल्याने प्रमाण कमी होते असे आढळले आहे, ते तुम्हाला चालेल का हे त्यांना विचारा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी धोका काहीसा वाढतो, म्हणून डॉक्टर दिवस ठरवताना त्याचा विचार करतील. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दाढ काढल्यावर पहिले चोवीस तास चूळ भरू नका. आणि दिवस असा निवडा, की पुढच्या आठवड्यात घरात लग्न नसेल, प्रवास नसेल आणि लागलीच तर पट्टी बदलायला तुम्हाला येता येईल.